दीड पूल

सात पूल एका चौकटीत यावेत
म्हणून रात्री दोनला घरातून निघाले,
आणि मिळाले दीड.

समुद्र इथून आठ-नऊ मैल.
तिथून धुकं टाइन नदीच्या पात्रातूनच वर येतं,
दिवे न लावता, भोंगा न वाजवता.
आधी न्यूकासलचा काठ गिळतं,
मग सावकाश गेट्सहेडचा.
आमच्याकडे याला फ्रेट म्हणतात,
आणि कामावर उशीर झाला की
दोषही त्यालाच देतात.

ट्रायपॉडचा एक पाय सैल,
त्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली.
धक्क्यावर उभा केला की
आधी भिंग ओलं होतं, मग केस,
सगळ्यात शेवटी बोटं, तीही आतून.
शटर तीस सेकंद उघडं.
तीस सेकंद श्वास बाजूला सोडायचा,
नाहीतर फोटोत तोही येतो.

हिरवी कमान चढते,
चढत राहते,
आणि जिथे उतरायला हवी तिथे
कुणी वाक्य अर्धं टाकून उठून जावं
तशी संपते.
वर कपारींत किटीवेक पक्षी, परवाच परतलेले.
दिसत एकही नाही,
जागेवरून भांडतायत मात्र सगळे.
पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं, असं म्हणतात लोक.
आज पाणीच नाही.
नुसता दगड चाटल्याचा आवाज.

अडतीस फोटो.
अडतीस वेळा भिंग पुसलं, मफलरने.

मग एक कुत्री आली,
तिच्यामागे दोरी,
दोरीमागे बऱ्याच वेळाने माणूस.
"काय काढतेस? काहीच तर नाहीये."
मी कॅमेऱ्याचा पडदा दाखवला.
त्याने चष्मा कपाळावर चढवला
आणि कोऱ्या पांढऱ्यावर अंगठा ठेवला.
"इथे शिडी आहे. वरून चौथी पायरी हलते.
इथून ऑस्वल्डचा डबा पडला नदीत,
वाटाण्याच्या पिठल्यासकट.
दिवसभर आमचेच डबे हुंगत बसला.
आणि इथे, आतल्या अंगाला,
कुणाची नजर जाणार नाही अशा जागी
रंगाचा एक हात जास्त द्यायचो."
का?
"ओल तिथेच बसते ना, पोरी."

एकोणीस वर्षं हा पूल रंगवलाय त्याने.
नाव कथबर्ट डॉड्स. कुत्रीचं पर्ल.
इतक्या रात्री का फिरता, विचारलं,
तर म्हणाला, तिला विचार.

जाता जाता त्याने पुन्हा पडद्याला हात लावला.
कमान जिथे तुटली होती
तिथे अंगठा टेकवून
हळूच खाली ओढत नेला, पार कडेपर्यंत,
"अशी उतरते,"
आणि आधी तो गेला,
मग दोरी,
मग पर्लच्या गळ्यातली घंटी.

सकाळी साडेसातला धुकं उठलं.
सातही पूल होते तिथेच होते.
पिवळी बस मधल्या पुलावर अडकलेली,
मागचे सगळे हॉर्न वाजवत होते.
मी स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली
कॅमेरा तिरपा धरला.
काचेवर अंगठ्याची तेलकट रेघ,
वरून खाली,
खऱ्या कमानीपेक्षा थोडी जास्तच उतरलेली.

मफलर मी रेडिएटरवर वाळत घातला होता.
तिथेच राहू दिला.