नमुना

जांभळ्या टोपणाच्या बाटलीत थोडं, पिवळ्या टोपणाच्या बाटलीत थोडं,
रेश्मा गावसनं चिठ्ठी चिकटवली:
रोहिदास मळीक, सदुसष्ट, पुरुष.
मी म्हटलं, पोरी, शाई सुकू दे आधी.
ती हसली. तिला काय ठाऊक,
तीस वर्षं डिचोलीच्या खाणीवर
मी मातीच्या पुड्यांवर नावं घातली.

ढीग करायचा शंकूसारखा,
माथा चेपायचा, चार वाटे करायचे,
समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे,
पुन्हा ढीग, पुन्हा चार,
शेवटी मूठभर उरते
आणि त्या मुठीवर ठरते सारमानसच्या धक्क्यावरची बार्ज,
मुरगावचं अख्खं जहाज:
लोखंड किती, वाळू किती, ओल किती.
थेंबावर माझा विश्वास आहे.
तेच तर अवघड आहे.

कागद चौथ्यांदा उघडतो.
हिमोग्लोबिन दहा पूर्णांक एक.
लोखंड कमी भरलं म्हणायचं, माझ्यात.
ईएसआर एकशे दोन.
क्रिएटिनिन रेघेच्या आत,
कॅल्शियम आतच, पण उंबऱ्यावर उभं.
अल्ब्युमिन तीन पूर्णांक चार, ग्लोब्युलिन पाच,
घरच्यांपेक्षा पाहुणे जास्त.

मग तो आलेख.
डावीकडे उंच सुळका, तो सगळ्यांनाच असतो,
पुढं लहान टेकड्या,
आणि उजवीकडे, जिथं पसरट उतार हवा,
मयेच्या तळ्याकडे उतरतो तसा,
तिथं एक नवा डोंगर. अरुंद, टोकदार.
खाली लिहिलंय: एम बँड, २.४.
इथले किती डोंगर माझ्यादेखत सपाट झाले,
त्यांचे टक्के मीच काढले.
हा एक उगवला,
ना जनसुनावणी, ना परवाना.

डॉक्टर फुर्तादो म्हणाल्या,
एकाच जातीच्या पेशी एकच प्रथिन बनवत सुटल्यात.
कदाचित निरुपद्रवी, नुसतं लक्ष ठेवायचं, वर्षानुवर्षं.
कदाचित मायलोमा.
मज्जा बघितल्याशिवाय बोलणार नाही.
मला त्या आवडल्या.
बांबोळीला पालथं निजवून
कमरेच्या हाडात सुई फिरवली,
काडीएवढा तुकडा काढला.
कोअर, मी उशीत तोंड ठेवून म्हटलं.
कोअरच, त्या म्हणाल्या, तुम्हाला कसं माहीत?

"कितें म्हणटा तो कागद?"
शेवंती विचारते, विळीवर तिसऱ्या फोडताना,
मान न उचलता.
गुरुवारी कळेल, मी म्हणतो.
शिंपल्यांचा आवाज चालू राहतो.
शेजारचा उदय बीट ठेवून जातो
आजाराचं नाव न घेता.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही.
एका मे महिन्यात सत्तावन्न पूर्णांक सहा आलं होतं,
जहाज खोळंबलेलं, मॅनेजर खुर्चीमागं उभा,
मी अठ्ठावन्न लिहिलं.
एवढासा फरक, मातीला काय त्याचं.
आता रात्री उठून त्या २.४ कडे बघतो,
तीनच्या खाली असलेलं बरं, एवढं मला कळलंय,
आणि तिकडं सूक्ष्मदर्शकावर वाकलेला,
घरी जायची घाई झालेला कुणी
पेशी मोजताना माझ्या बाजूनं
जरा ढकलेल का, असं मनात येतं.
लगेच म्हणतो, नको बाबा.
आहे ते लिही. दोनदा मोज.

आज मंगळवार.
पाठ दुखते, ती आधीपासूनच दुखते.
वाऱ्यानं उडू नये म्हणून शेवंतीनं
कागदावर आगळाची बाटली ठेवली होती,
कोकमाचा लाल गोल उमटलाय
नेमका त्या डोंगरावर.
तरी वाचता येतं.