लाकूड असेल

कोठीसमोर, झेरॉक्स आणि नोटरीच्या मधल्या
आमच्या सहा बाय आठच्या दुकानात
शिर्केकाका चपला बाहेर काढून आले,
देवळात यावं तसे.
म्हणाले, मालिनीचा अर्ज काढ.
कुठल्या सालचा?
घराला रंग दिला होता त्या सालचा.

तेव्हा इथे जिग्नेश बसायचा.
मराठी टाइप करता यायचं त्याला, बोलता नाही.
नावांचं स्पेलिंग कानाला येईल तसं.
म्हणून मी एस लिहिला, मग एक तारा, मग उरलेलं आडनाव.
तारा म्हणजे इथे काहीही असो,
काहीच नसलं तरी चालेल.
(घरी मी इतकी उदार नसते.)
सात शिर्के निघाले, आणि एक सिरके,
त्यात काकांचं भाडेपत्र बारा वर्षं आंबत पडलेलं.
अर्ज नव्हता.

मग मजकुरात शोधू. शब्द सांगा.
मगर, काका म्हणाले.

मंगळवारी त्यांच्याच गल्लीत, स्कूटरखाली
पोरांना दिसली. सात फूट.
वनखात्याने तोंड बांधून नेली.
आता जो तो विचारतो, काका, पहिल्यांदाच ना?

मगर टाकलं. चारशे बारा.
सुभाष मगर, राहणार वाघोडिया रोड, यांची एकोणीस शपथपत्रं.
कुणाच्या तरी घटस्फोटातली एक मगरूर सून.
बाकी हिंदीतल्या नोटिसांची उत्तरं:
किराया दे देता मगर,
मकान खाली कर देता मगर.
इतकी माणसं त्या एका शब्दापाशी थांबलेली,
फक्त नाक पाण्यावर ठेवून.
विश्वामित्रीतली एकही नाही.

म्हटलं, काका, वाक्य जसंच्या तसं सांगा,
अवतरणात घालते.
मग मशीन एक काना इकडचा तिकडे होऊ देत नाही.
"नदीकाठी मगर पाहिली."
शून्य.
"मगर पाहिली नदीकाठी."
शून्य.
ती असंच म्हणाली होती, काका म्हणाले.
थोड्या वेळाने म्हणाले, असंच काहीतरी.

मी दोन्हीकडची अवतरणं काढली, पुन्हा घातली.
तशीच पुसत बसले कीबोर्ड.
मग विचारलं,
आणि तुम्ही काय म्हणालात तेव्हा?

शेजारी नोटरीचा शिक्का दोनदा वाजला.
पंखा एक फेरी अडखळला.
मी, काका म्हणाले,
मी म्हटलं, लाकूड असेल.

टाइप केलं. दोन्हीकडून बंद केलं.
एक आयटम.

प्रति, आयुक्तसाहेब, मराठी मसुदा, पान एक:
सदर सुसर मी मागील दारी तीन वेळा पाहिली आहे.
यजमान म्हणतात, "लाकूड असेल."
तरी लाकूड असल्यास
ते महापालिकेने उचलून न्यावे, ही विनंती.

काकांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.
सुसर, म्हणाले.
सुसरच म्हणायची ती. कृष्णाकाठची ना.
सबंध अर्जात मगर कुठेच नव्हती.
हसले बहुतेक. त्या दुकानात
दाराकडे तोंड केलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही.

फाइलला नाव जिग्नेशने दिलं होतं, गुजरातीत:
काकाने नथी कहेवानुं.
मी खिडकी खाली ओढली,
नाव पडद्याबाहेर जाईल इतकी.

किती प्रती?
दोन, म्हणाले. एक वनखात्याला.
दुसरी कुणाला ते मी विचारलं नाही.
प्रिंटर गरम व्हायला वेळ लागतो,
तोवर ते उभेच राहिले,
स्टूल होतं तरी.