मागचं वजन

क्लिओफासनं घरून बाथरूमचा वजनकाटा आणला.
आधी पुढचं चाक ठेवलं, मग मागचं,
बेरीज खडूनं वर्कशॉपच्या भिंतीवर: एकशे सहा किलो.
"हुकाला नव्वद झेपेल," म्हणाला,
आणि अर्ध्या इंचाची जादा पट्टी डागली,
मोडीतल्या कुठल्याशा टिपरच्या हौद्यातून कापलेली.
कुणाचा टिपर, त्यानं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
चकती लागायच्या आधी पत्र्यावर निळा रंग होता,
एवढं पाहिलं.

तर आता जीपच्या पाठीला लोखंडी पन्हळ,
पन्हळीत शर्वाणीची बाईक, आडवी उभी.
आडवी की उभी? शेजारी दोनदा विचारतो.
दोन्ही. बघ ना येऊन.
पट्टे ओढताना पुढचे शॉक अर्धे खाली बसवायचे,
टायर आणि मडगार्डच्या मध्ये फणसाच्या लाकडाचा ठोकळा,
नाहीतर खड्ड्यात शॉक दबतो, पट्टा ढिला होतो
आणि बाईक आपल्या वाटेनं निघून जाते.
खटक, खटक, खटक.
क्लिओफास हँडल धरून हिसडतो:
बाईक हलत नाही, जीप हलते.
"सवकास वच, पात्रांव."

सव्वापाचला कुडचडे सोडलं.
सावर्ड्याच्या पुलावर कळलं, स्टिअरिंग हलकं झालंय;
पुढची चाकं रस्त्याला नुसती हात लावून चाललीत,
आणि दिवे रस्ता सोडून माडांच्या शेंड्यांवर.
सायकलवरचा पोदेर डोळ्यांवर हात धरून थांबला,
पोंऽ पोंऽ करून
पावाच्या टोपलीसकट मला शिवी दिली.

बारा वर्षं टिपर हाकला.
दहा टन पाठीशी, आणि कधी मागे पाहिलं नाही.
माती ती. सांडली तर सांडली.
जेटीवर ओतली की हिशेब मिटला.
आज मात्र दर गतिरोधकाला आरसा:
हँडलची दोन टोकं, मधे हिरवं प्लास्टिक,
जणू कुणी खांद्यावरून वाकून विचारतंय
अजून किती.
शर्वाणी शेजारी झोपलेली, बूट मांडीवर,
गुडघ्याचं पॅड एकाच पायाला बांधलेलं.

उसगाव तिस्कावर शिट्टी.
"हिला नंबर?"
"एकेचाळीस."
"तसला न्हय."
म्हटलं, साहेब, हिला रस्त्याला टेकायची परवानगी नाही,
म्हणून तर ही पालखी.
तो मागे गेला, टॉर्च मारला,
पट्टा बोटानं छेडून पाहिला. वाजला.
"वचात," म्हणाला, जरा नाइलाजानं.

वाळपईच्या पुढच्या माळावर
तिसऱ्या फेरीत ती पडली.
धूळ बसेपर्यंत काही दिसेना.
मग दिसली ती, उभी, बाईक उचलत असलेली,
ती एकशे सहा किलो, एकटी;
क्लचची दांडी मोडून दोन बोटांपुरती उरलेली.
मी तारेच्या अलीकडे.
पलीकडे जायचं नाही, असा नियम आहे.
कितवी, मी विचारलं नाही.
तिनंच सांगितलं: अकरावी, सोळांत.

परतताना वजन वाढलंय.
खालच्या ओढ्याचा चिखल, चार-पाच किलो तरी.
ती धुवूया म्हणाली नाही, मी नळ शोधला नाही.
लाल चिखल. माझ्या जुन्या शर्टांच्या ओळखीचा.

फोंड्याच्या अलीकडे अंधार झाला.
समोरून येणारा जो तो दिवे मिचकावतो.
"बाबा, दिवे खाली घे."
"खालीच आहेत गं."
ती वळून मागे बघते, मग पुढे, वर,
आणि काही बोलत नाही.

एका माडाच्या शेंड्यात, उजेडाच्या टोकाला,
सुरेचं मडकं बांधलेलं दिसलं.
बारा वर्षं याच रस्त्यानं गेलो.
"बघितलंस?" मी म्हटलं.
ती परत झोपली होती.