बारा वर्षांखालील

पोटाचा दोन तृतीयांश भाग
बांबोळीला, गोमेकॉत ठेवून आलो, त्याला सात महिने झाले.
उरलेल्यात किती मावतं ते मला ग्रॅममध्ये ठाऊक आहे.
बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात काढली;
म्हापशाच्या बाजारात माझी टोपी दिसली
की पारड्याखाली चिकटवलेली चिंच आपोआप गळून पडायची.

आता मीच कमी भरतो.

तपासणी झाली की थेट घरी, असा कुमुदिनीचा हुकूम.
घरी पेज. पेजेत मीठ मोजून.
मी कदंबाच्या बसमधून पणजीला उतरलो
आणि अठरा जून रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर,
जिथे मी "शीत आनीक हाड" म्हटलं
की मालक गल्ल्यावरून मान काढून बघायचा,
तिथे कोपऱ्यातलं टेबल धरलं.

"थाळी?" कायतानने विचारलं.
त्याने मला ओळखलं नाही.
नव्वद किलोचा माणूस त्रेपन्न किलोत कोण ओळखणार?

थाळी म्हणजे उकड्या भाताचा डोंगर, हुमण,
तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, इसवणाची कापं,
आणि सातव्या घासानंतर
वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघणं.
ते मी दोन लग्नांत आणि एका तेराव्यात बघून घेतलंय.

म्हणून कार्ड उलटं केलं.
मागे एक ऑक्टोपस, आठही हातांत चमचे.
भात, एक वाटी. मासळीची बोटं, तीन. मटार.
आइस्क्रीम, एक गोळा.
सगळं आकड्यांत लिहिलेलं;
एवढी सचोटी मोठ्यांच्या पानावर नव्हती.
तळाशी बारीक अक्षरांत : बारा वर्षांखालील.

"भुरगें खंय आसा?"
"येता," मी म्हटलं.

खोटं माप कधी पास केलं नाही,
आणि तीन बोटांसाठी हे बोललो.

कायतान गेला तो उंच खुर्ची घेऊनच आला.
लाल, पट्ट्याची, पुढे छोटा ट्रे.
माझ्यासमोर लावली, फडक्याने पुसली,
ट्रेवर दोन खडू ठेवले, एक हिरवा, एक मोडका.
थोड्या वेळाने ताट आलं.
तेही तिकडेच.

आम्ही समोरासमोर बसलो, मी आणि ती खुर्ची.
मासळीची वाफ माझ्याकडे पाठ करून वर जात होती.
पलीकडे एक दात पडलेली मुलगी
दोन घासांत "पुरे" म्हणाली,
आई म्हणाली, राहू दे, बाबा खातील.
बाबा मुकाट खात होते.
मीही सोळा वर्षं असाच खाल्लं.

आइस्क्रीम कडेने सुटायला लागलं तेव्हा कायतान परत आला.
खुर्चीकडे पाहिलं.
माझ्या कॉलरकडे पाहिलं, जिच्यात आता
दोन बोटं नव्हे, अख्खा हात जातो.
"कितल्या वर्सांचें?"
"एकसष्ट," मी म्हणालो. "नोव्हेंबरात बासष्ट."

तो हसला नाही, त्याबद्दल त्याचे उपकार.
"नुस्तें थंड जालां," एवढंच पुटपुटला
आणि ताट आत घेऊन गेला.
परत आलं ते माझ्यासमोर, कढत,
तीनच्या जागी चार.
मी मोजली. सवय आहे.
हातात शिक्का असता तर मारलाच असता.

दोन खाल्ली, चवीने, कुरकुरीत कडेपासून आत.
तीन चमचे भात. पातळ झालेल्या गोळ्याचा गुलाबी घोट.
दोन बोटं कागदात बांधून खिशात टाकली;
कुमुदिनीला काय सांगायचं ते बसमध्ये ठरवू.
ऑक्टोपसचा एक हात हिरवा केला,
बाकीच्या सातांचा कंटाळा आला.

मटार मात्र तसेच.
पोटात जागा होती अजून, चार चमच्यांची तरी,
हे मी लेखी देऊ शकतो.

कायतानने ताट उचलताना बोटाने दाखवलं :
"आनी हें?"

"नाका," मी म्हटलं.
"आवडत नाहीत."