चूल न पेटवता

तीस वर्षं शिरोलीत ओतकाम केलं.
कुठल्या लालीला लोखंड ओतायचं
हे मला वासावरनं कळायचं.
घरात मात्र चहासुद्धा मालनच्याच हातचा.

फाल्गुनात ती न्हाणीत घसरली.
खुब्यात आता स्टीलचा सांधा आहे.
एक्स-रे खिडकीत धरून मी नीट बघितला,
फिनिशिंग चांगलं आहे, म्हटलं, बिनघोर राहा.

बागवानांच्या अफ्रीननं केळ्यांच्या कागदी पिशवीवर
एक पदार्थ लिहून दिला. इटलीतला.
तिरामिसू.
भट्टी नाही, गॅस नाही, थरावर थर.
"चाचींना कॉफी बंद आहे ना? मग फळ घाला."
नावाचा अर्थ विचारला तर म्हणाली, "मला उचला."
ते तर मी रोज चारदा करतोय, पोरी.

यादीत होतं लेडीफिंगर.
शेजारच्या पोरानं सांगितलं, म्हणजे भेंडी.
पाव किलो भेंडी घेऊन आलो.
मालन हसली,
खुबा दुखेस्तोवर हसली,
मग म्हणाली, "ती फ्रिजात ठेवा, रात्री भाजी करा,
आणि बेकरीत जाऊन गोड टोस्ट आणा."

चार दिवसांची साय वाटीत साठवलेली.
गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध,
त्याचं दही लावलं, फडक्यात बांधून
नळाच्या तोटीला टांगलं.
रात्रभर मोरीत टपटप चाललेली.
मालन अंधारात म्हणाली,
"सलाईनसारखं वाजतंय."
मी उठून खाली पातेलं सरकवलं,
पातेल्यात आणखी जोरात वाजायला लागलं.

करवंदं मिळाली लक्ष्मीपुरीत,
पन्हाळ्याकडच्या एका बाईकडं, पानाच्या द्रोणात.
एकेक फोडून बिया काढायच्या.
माझी बोटं जाड, भाजून भाजून बथ्थड झालेली,
गरम-गार कळत नाही त्यांना,
बी मात्र कळते.

दहा-बारा झाली असतील,
आतल्या खोलीतनं आवाज आला,
"कोंबडा का कोंबडी?"

मी थांबलो.
आत लाल निघालं तर कोंबडा,
पांढरं निघालं तर कोंबडी.
साठीपुढची बाई, वॉकर भिंतीला टेकलेला,
आणि विचारतेय काय.

"कोंबडा," मी ओरडलो.
"आता?"
"कोंबडी."
"लबाडी करू नगासा, दाखवा इकडं."
मग ताट घेऊन तिच्या पलंगावरच बसलो.
मी फोडायचं, तिनं ओळखायचं.
हरलं की ती एक करवंद तोंडात टाकायची.
जिंकलं तरी टाकायची.
थरासाठी कमी पडणार, मी म्हणालो.
"मग थर पातळ करा की."

गुळाच्या पावडरीत रस सोडला,
टोस्ट बुडवून लगेच उचलला.
एक क्षण जास्त झाला की हातात चिखल.
पहिले तीन गेले.
चौथ्यापासून अंदाज आला,
साच्यात वाळू ठोकताना यायचा तसा,
मनगटातनं.

स्टीलचा डबा. टोस्ट, चक्का, रस.
परत टोस्ट, परत चक्का.
वरून चमच्याच्या पाठीनं सारखं करताना
कोपरा उलथन्यानं तासला,
कुणी तपासायला येणार नव्हतं तरी.

मग थांबणं आलं.
साचा घाईनं फोडला की जॉब तडकतो,
हे मी किती पोरांना शिकवलं.
आणि रात्री दीडला मीच फ्रिज उघडून
डब्याला बोट लावून बघत होतो.
"झोपा आता," आतनं आवाज.

सकाळी तिला उचलून बसवली.
उशी, पाठ, पाय, मग बशी.
तिनं घास घेतला, बराच वेळ काही बोलली नाही.
मग बोटानं दातातनं एक बी काढली,
बशीच्या काठावर ठेवली.
"ही राहिली बघा."
परत चमचा घातला.

तीन घासांनी तिनं जीभ बाहेर काढली,
माझ्याकडं बघून, लहान पोरीसारखी.
"जांभळी झाली?"
झाली होती.
"आरसा आणा," म्हणाली.
फाल्गुनापासनं तो मोरीतल्या खिळ्यालाच होता,
त्यावर दह्याचा एक वाळलेला शिंतोडा.
मी बंडीच्या टोकानं पुसत पुसत आणला.