नऊ तास चाळीस मिनिटं

माझ्या आजोबांच्या काळी या गावानं वारा विकला.
उत्तर समुद्रावरचा, हाडं खणून काढणारा,
पण पत्रकात छापलं : ‘शक्तिवर्धक’.
डॉक्टर लिहून द्यायचे, हवापालट, तीन आठवडे,
आणि चाकाच्या खुर्च्यांत खोकत बसलेली माणसं
आ वासून हवा खायची,
बिल भागवून निघायची,
काही बरी होऊन, काही पेटीतून.

मग फॅशन बदलली. लोकांना ऊन हवं झालं.
आमच्याकडे ते फारसं नव्हतं,
म्हणून नगरपालिकेनं ते मोजायला घेतलं.

पॅव्हिलियनच्या छपरावर काचेचा भरीव गोळा,
त्यामागे निळ्या पुठ्ठ्याची पट्टी, तास आखलेली.
सूर्य गोळ्यातून शिरतो, पट्टी जाळत पुढे सरकतो,
ढग आला की जाळणं थांबतं.
उन्हं बुडाली की मी शिडी चढायचे,
आजची काढायचे, उद्याची घालायचे,
कंदिलापाशी बसून जळकी रेघ मोजायचे.
आठवड्याला बावीस शिलिंग.
रात्री लंडनला तार, सकाळी पेपरात तक्ता,
काल कुठल्या गावाच्या पदरात किती तास.

टाउन क्लार्क गॅरबट शिडीखाली उभे असायचे.
“मिस थ्रॉसल, कॉर्टनसी आपल्यापुढे सहा मिनिटं.
ते म्हणे ठिपक्यांमधली जागासुद्धा धरतात.”
ठिपक्यांमध्ये ढग असतो, सर.
“आणि ढगामागे काय असतं?”
प्रश्न तसा चुकीचा नव्हता.

मिसेस पिंडल तर बेकरीतच गाठायची :
“तुझ्या एका तासावर माझ्या दोन खोल्या भरतात, पोरी.”
तिच्या खानावळीत पाहुण्यांनी
दहा ते पाच बाहेर राहायचं असा नियम.
पाऊस असो, गारा असोत.

त्या ऑगस्टात तिनं बाहेर काढलेलं एक कुटुंब
रोज माझ्या शिडीजवळच्या आडोशाला बसे.
अ‍ॅक्रॉइड. हॅलिफॅक्सच्या लोकरगिरणीतले.
बाप ओली टोपी पिळायचा, परत घालायचा,
आई डब्यातलं सँडविच चौघांत सहा दिवस वाटत होती,
आणि धाकटी मर्टल स्टेशनवरच्या पोस्टरबद्दल विचारत होती.
पिवळा पोहण्याचा पोशाख, निळं पाणी.
“तिथलं ऊन कुठं ठेवलंय?”

मी तिला वर कचेरीत नेलं.
खण उघडला. मागच्या शनिवारची पट्टी काढली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड रेघ,
नऊ तास चाळीस मिनिटं.
“हे घे. तुम्ही गाडीत होता ना, तेव्हाचं.”
तिनं नाकाला लावून पाहिलं. “जळलंय,” म्हणाली,
आणि फ्रॉकच्या आत, कोरड्या जागी सरकवलं.

महिनाअखेरीला लंडनहून तपासनीस आला.
तीस पट्ट्या. परत मोजल्या, तीसच.
पट्टी नाही, तर ऊन नाही, तो म्हणाला,
आणि आम्ही तक्त्यात अकरावे झालो.
गॅरबटनं मला काही विचारलं नाही,
फक्त छापखान्याला निरोप धाडला,
की पुढच्या वर्षी परत वारा छापा.
मिसेस पिंडल नाताळापर्यंत बोलली नाही.

ती पट्टी अजून आरशाच्या चौकटीत खोचलेली असेल,
किंवा एखाद्या थंडीत, कोळसा संपल्यावर,
शेगडी पेटवायला गेली असेल.
तेही चालेल.
जळायची तिला सवय होती.