डीपी

नागपूरहून अँटिबॉडी येते लाल डब्ब्यानं,
कंडक्टरच्या सीटखाली, थर्माकोलच्या खोक्यात.
फाट्यावर मी उभी असते भर बाराला, डोक्यावर ओढणी.
बर्फाचं पाणी व्हायच्या आत
सायकल दामटायची कॉलेजपर्यंत,
दोन्ही बाजूंना तूर, आणि कॅरिअरवर
बोराएवढ्या बाटलीत अठ्ठावीस हजारांचे थेंब.

आज ट्रेमध्ये मस्तिष्कस्तंभ आहे.
अंगठ्याएवढा.
वहीत नंबर सतरा. नाव लिहायचं नसतं.
पण गाव लहान,
आणि देहदानाच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून सही माझीच.

दौलत पोहनकर, लाईनमन.
खांबावर चढायचा आणि आम्ही पोरं खालून
त्याच्या चपला राखायचो.
"कोन्त्या डीपीवरून कोन्या वस्तीले लाईन जाते
थे मले झोपीतबी इचारा."
ऑफिसात नकाशा नव्हताच. तोच नकाशा.

आता त्याचा मी काढते.

पुस्तकात खांबांसारखेच नंबर टाकलेत:
ए-सहा, ए-नऊ, बी-सात.
मधोमध शिवण, तिच्या काठानं सेरोटोनिनवाल्या पेशी.
वरच्या अंगाला काळा पट्टा, डोपामिन तिथलं.
आणि चौथ्या पोकळीच्या तळाशी
डावी-उजवीकडे एकेक निळसर ठिपका.
एवढीशी वस्ती, आमच्या तालुक्याच्या गावाहून लहान,
आणि तारा गेल्यात पार कपाळापर्यंत,
खाली कण्याच्या शेवटच्या मणक्यापर्यंत.
जाग तिथून येते. दचकणंही.

अडीचला लाईट गेली.
चाळीस मायक्रॉनचा काप पात्यावर अर्धा,
फ्रीजमध्ये काचा रात्रभर चार डिग्रीला ठेवायच्या होत्या,
इन्व्हर्टर मांजरासारखा रडायला लागला.
हात सवयीनं फोनकडे गेला.
त्याचा नंबर अजून आहे माझ्याकडे,
"दौलतकाका लाईन" नावानं.

दुसऱ्या दिवशी रंग भरला.
या पेशींचा मूळ रंगच तपकिरी, म्हणून मी लाल घेते,
गफलत नको.
आधी नंबर नऊची काच लावली, तुलनेसाठी:
भिवापुरी मिरची वाळत घातलेलं अंगण.
मग सतरा.
अंगण तेच, पण कोणी गोळा करून नेलेलं,
कोपऱ्यात पाच-सहा देठं.
निळ्या ठिपक्याच्या जागी पाणी सुकल्यासारखा डाग.
मी लेन्स पुसली. परत पाहिलं.
परत पुसली.

मंगळवारी त्याची सून आली, शेवंता.
पिशवीत चार संत्री, सालीला माती.
"मामाजीच्या हातून पक्कड पडे.
मी म्हनो, नाटकं करतेत.
खरं काय व्हतं, सांग."

दाखवायचं नसतं. मी दाखवलं.
एक डोळा तळव्यानं झाकून ती कितीतरी वेळ वाकली होती.
"हे काय हाय?"
डीपी, मी म्हटलं. दुसरा शब्द सुचला नाही.
"जळली?"
नाही. पेशी एकेक करून गेल्या,
हात थरथरायच्या खूप आधीपासून.
"किती आंधी?"
पाच वर्षं. दहाही असतील. नक्की कोण सांगणार?

ती बोटांवर मोजत राहिली.
पिंपळखुट्याच्या वादळाचं साल आलं तेव्हा थांबली.
तीन रात्री खांबावर होता तो, भाकर दोरीनं वर पाठवलेली.

"म्हंजे तवा," ती म्हणाली,
"अर्ध्या लाईनीवर व्हते."

संत्री टेबलावर ठेवून ती गेली.
मी वही उघडली: नंबर सतरा, ए-सहा,
आणि रकान्यात आकडा लिहायचा तर
पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले.